जमादारांची खुर्ची

टेलिफोन एक्स्चेंजमधले किस्से साठतच जातात, कारण ते बाहेर सांगायचे नसतात. आता मी शेवगावची ती नोकरी सोडली आहे, तेव्हा ऐका.

दुष्काळाचं साल होतं. खडी फोडणाऱ्या मजुरांना कामावर प्यायला पाणी मिळेना. हायस्कूलचे एक सर त्यांचा मोर्चा काढणार, अशी कुणकुण लागली आणि पोलिसांनी आमच्या बोर्डाशेजारी खुर्ची टाकली. जमादार जादा हेडफोन लावून दिवसभर गावाचं बोलणं ऐकायचे.

मी सुपरवायझर नानांना विचारलं, "लेखी हुकूम कुठंय?"

नाना शिंगणापूरचे. म्हणाले, "आमच्या गावात घरांना दारं नाहीत, पोरी. मनात पाप नाही त्याला भीती कसली?"

*

एकदा दोन बहिणी बोलत होत्या. भाच्याला दवाखान्यात कुठं ठेवलंय, ते धाकटीला आठवेना. जमादार माझ्या माऊथपीसवर वाकून मध्येच बोलले, "सिव्हिलला हाय. दुसरा वार्ड."

मला वाटलं, आता बायका भडकतील. थोरली म्हणाली, "व्हय का? बरं झालं दादा, सांगितलं." आणि पुढं सुरू!

*

लाईन जोडली की आम्ही "बोला" म्हणायचो. जमादार हेडफोन कानाला लावून बसले, की मी नुसतं "जोडलंय" म्हणायला लागले. आठवड्यात अडत्यांपासून सुईणीपर्यंत सगळ्यांना ते कळलं. माझं "जोडलंय" ऐकलं की लोक पाऊसपाण्याचं बोलून फोन ठेवायचे.

शनिवारी सरांनी नगर मागितलं. मी म्हटलं, "जोडलंय."

सर म्हणजे मास्तर ते मास्तरच. म्हणाले, "ताई, 'बोला' म्हणायचं राहिलं तुमचं." मी पुन्हा "जोडलंय"च म्हटलं. मग त्यांनी मित्राला मोर्चाची वेळ सांगितली, वाट सांगितली, पुढं कोण चालणार तेही सांगितलं.

रविवारी सरांना उचललं. मोर्चा निघालाच नाही. नाना चहा फुंकत म्हणाले, "उगाच कुणाला धरत नाहीत."

*

त्याच आठवड्यात, पुढं चालणार म्हणून सरांनी ज्यांची नावं घेतली होती, त्यांनाही धरलं. त्यात नानांचा सख्खा भाचा होता.

नाना रजेचा अर्ज लिहायला बसले. भिंगारला वकिलाकडे जायचं म्हणाले.

मी म्हटलं, "नाना, एसटीचे धक्के कशाला खाता? वकिलांकडे फोन आहे. देते जोडून."

नानांनी जमादारांच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. जमादार जेवायला गेले होते.

मी कॉर्ड लावली, मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "बोला."

पलीकडून वकील "हॅलो, हॅलो" करत राहिले. नानांनी रिसीव्हर हळूच खाली ठेवला आणि पिशवी उचलली.

दारात थांबून म्हणाले, "माझ्यामागं दार लावून घे गं."