चिंचेशिवाय चकचकीत

मी कामोठ्यात शाळेत विज्ञान शिकवते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात माझी अक्कल किती कामाला आली ते त्याशिवाय कळणार नाही.

माझं सासर पनवेलजवळच्या एका गावात, डोंगराच्या पायथ्याशी. डोंगर पोखरून खडी काढायची दगडखाण होती. दगड संपला तसा ठेकेदार मशीन उचलून गेला आणि मागे तळ्याएवढा खड्डा ठेवून गेला. तो पावसाने भरला. गावाच्या नळाला तीन दिवसांतून एकदा पाणी, म्हणून लोकांनी खाणीत मोटर टाकली आणि ते पाणी घरोघरी आणलं. धुण्याभांड्याला ते, आणि नळ रुसला की प्यायलाही तेच.

गेल्या दिवाळीच्या आधी सासूबाईंनी तांब्याची भांडी घासायला काढली. नुसतं खाणीचं पाणी ओतून हात फिरवला, तर हंडा नव्यासारखा लखलखला. चिंच लागली नाही, राख लागली नाही. शेजारणी आपापली घंगाळं घेऊन आल्या. "पानीच गुनाचा हाय," असं ठरलं. मीही कौतुकाने मान डोलावली. सातवीच्या वर्गात दरवर्षी मी काळ्या पडलेल्या तांब्यावर लिंबू चोळून दाखवते आणि विचारते, हे कशामुळे झालं? मुलं एका सुरात सांगतात, आम्लामुळे. त्या दिवशी मला कोणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

वर मी शहाणपणा केला. सासूबाईंना तांब्याचा नवा जग आणून दिला. "आई, रात्री भरून ठेवा, सकाळी उपाशीपोटी प्या. तब्येतीला चांगलं असतं." मोबाइलवर रोज येणारं ज्ञान मी त्यांच्या घशात ओतलं. महिनाभरात त्यांना सकाळी उलट्या व्हायला लागल्या. डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्याही सासूबाई त्याच पाण्याबरोबर घेत होत्या.

एका रविवारी मीच त्या जगातला घोट घेतला. तोंडात नाणं धरल्यासारखी चव; तांबं पाण्यात उतरलं होतं, आणि सातवीचं लिंबू मला आत्ता आठवलं. तशीच उठून खाणीवर गेले. काठाचे दगड तांबूस झाले होते. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, एक टँकर पाण्यात पाइप सोडून उभा होता. काय ओततोयस म्हणून विचारलं, तर ड्रायव्हर सहज म्हणाला, "लोहा धोया हुआ एसिड है, मॅडम. रोज का है. यहाँ कौन पीता है?"

त्याच्यावर मी ओरडले, पण तो पगारी माणूस. खरा संताप आला तो गंजलेलं लोखंड अ‍ॅसिडने धुऊन विकणाऱ्या कारखान्याच्या मालकाचा, ज्याला आपली घाण टाकायला नेमका माणसांच्या उशाशी असलेला खड्डा सापडला. स्वतःच्या घरी तो बाटलीबंद पाणी पीत असणार.

घरी येऊन जग ओतून दिला. सासूबाईंना विचारलं, चव कळली नाही का तुम्हाला?

"कलली ना. पयल्या दिसापासून त्वांड वाकडा व्हायाचा. पन तू शिकलेली, तुला म्हायत असेल."

त्यांना पनवेलच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी बंद करायला सांगितलं आणि रक्त तपासायला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तहसील कचेरीत तक्रार द्यायला गेले. टेबलामागच्या साहेबांनी मी बाटलीत भरून नेलेलं खाणीचं पाणी उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, "खाण बंद आहे. म्हणजे आमच्या हिशेबी तिथे काहीच नाही. आणि मॅडम, ते पाणी तुम्ही पिताच कसे? सासूबाईंना कोणी सांगितलं प्यायला?"

"मी सांगितलं," म्हटलं. "माझं नाव लिहा, सही करते. आणि त्याच्याखाली लिहा, खाणीत अ‍ॅसिड ओतायला कोणी सांगितलं."

त्यांनी पेनाला टोपण लावलं.