डोळ्याला दिसेल तेवढंच

माझ्या सासऱ्यांना सगळी गल्ली टेपवाले म्हणायची. कापडाच्या कारखान्यात ते भांडारपाल होते. नोकरी संपली, पोती उचलून उजवा खांदा कायमचा धरला, पण खिशातला टेप काही निवृत्त झाला नाही. मी लग्न करून आले तेव्हा लोक माझं तोंड बघत होते आणि हे माझ्याबरोबर आलेल्या कपाटाची रुंदी मोजत होते.

त्यांना घर सजवायचा भारी नाद. नियम एकच: डोळ्याला दिसेल तेवढ्यावरच खर्च. कपाटामागे रंग नाही, आरशामागे रंग नाही. रंगसुद्धा विकतचा नाही. नासलेल्या दुधाचा चोथा, भिजवलेला चुना आणि चाळलेली पिवळी माती, सगळं मागच्या अंगणात बादलीत घोटायचं. हा रंग दोन दिवसांत आंबतो, म्हणून लागेल तेवढाच करायचा. गालिचा म्हणजे घरातल्या जुन्या कपड्यांच्या चिंध्या आणि सुतळी यांच्या वेण्या. वेण्या मी घालायची, जोडून शिवायच्या सासूबाई. त्यालाही नियम होताच. कॉटखाली गालिचा नाही. तिथे कॉटच्या मापाची चौकट सोडायची.

“खाली वाकून कोण बघतंय?” ते म्हणायचे.

सुरुवातीला लोक याला चिक्कूपणा म्हणत. मग पर्यावरणपूरक हा शब्द गल्लीपर्यंत पोचला आणि आमच्या टेपवाल्यांचं नशीब फळफळलं. लोक भिंतींवरून हात फिरवून जायचे, नाकाने हुंगून जायचे. सासरे छाती फुगवून सांगायचे, “घरात रसायन नको. आपल्या माणसांच्या जिवापेक्षा काही मोठं आहे का?” सासूबाई तेव्हा स्वयंपाकघरात चोथा पिळत असायच्या. त्या माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उडवायच्या.

बैठकीच्या खोलीत छताकडेचा पट्टा ओढताना त्या स्टुलावरून पडल्या. सासऱ्यांनी स्टूल धरायचं सोडून टेप धरला होता. खुब्याचं हाड मोडलं ते पुन्हा नीट बसलं नाही. मागची खोली त्यांची झाली आणि त्या कॉटच्या झाल्या.

डॉक्टरांनी बजावलं होतं, एका कुशीवर ठेवू नका, पाठ सोलून निघेल. दर थोड्या वेळाने मी कूस बदलायची. उजव्या कुशीला दाराची भिंत, डाव्या कुशीला न्हाणीघराची. डाव्या भिंतीत वर्षानुवर्षं पाणी मुरलेलं. पोपडे सुटलेले आणि मधोमध एक काळपट डाग.

“अगं, नीट बघ,” सासूबाई एकदा म्हणाल्या. “कोण दिसतंय?”

मी बघितलं. पुढे आलेली हनुवटी, आत ओढलेले ओठ. हॉलमध्ये लावलेल्या फोटोतली त्यांची सासू, हुबेहूब.

“जन्मभर हिच्यासमोर उभी राहिले,” त्या हसत म्हणाल्या. “आता आडवी पडले तरी हिच्याचसमोर.”

आम्ही दोघी खूप हसलो. दुसऱ्या दिवशी त्या हसल्या नाहीत. चार दिवसांनी तर डावी कूस केली की डोळे घट्ट मिटून घ्यायला लागल्या. त्या बाईने यांना काय काय ऐकवलं होतं, ते मला त्या खोलीतच कळलं, तुकड्यातुकड्याने. एकदा पहिलं मूल पोटातच गेलं तेव्हाचं वाक्य सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही.

सासऱ्यांनी खोली सजवायला घेतली तेव्हा मला बरं वाटलं. आजारी बायकोला भेटायला माणसं येणार, खोली बरी दिसायला हवी. भेटायला येणारा दारातून येतो, कॉटच्या पायथ्याशी खुर्चीत बसतो. टेप लावून त्यांनी खुर्चीतून काय दिसतं ते ठरवलं. दाराची भिंत रंगवली, समोरची रंगवली. डाव्या भिंतीच्या पायथ्याकडच्या टोकाला कपाट आणि पडदा, म्हणून ती खुर्चीतून दिसतच नव्हती. कॉटभोवती गालिचा बसवला, मधली चौकट सोडून.

बादलीत अर्धा रंग उरला होता. सासूबाईंनी मान उचलून तो बघितला.

“अहो, तिकडेही एक हात मारा ना.”

“तिकडे कुणाचा डोळा जातो?”

“माझा जातो.”

“तू इकडच्या कुशीला झोप की,” ते म्हणाले, आणि उरलेला रंग घेऊन फाटकाचे खांब रंगवायला गेले. खांब रस्त्यावरून दिसतात.

मी काय स्वस्थ बसले नाही. माझ्या पगारातून रंगाचा डबा आणला. त्यांनी दुकानात परत नेऊन दिला, “हिला वास सोसणार नाही” म्हणून. त्यांची माती आणि चुना कुलपात. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, “बाबांचा स्वभाव तुला माहीत आहे.” शेवटी डावी कूस करायच्या वेळी मी एकटीने कॉट ओढून उलटी फिरवली, डोकं पायथ्याकडे, म्हणजे त्या कुशीलाही पिवळी भिंत. सासूबाईंनी माझा हात धरून ठेवला, किती वेळ.

संध्याकाळी सासरे आले. कॉटचा रुंद डोक्याकडचा भाग गालिच्यावर चढला होता आणि दुसऱ्या टोकाला चौकटीतली फरशी दिसत होती. त्यांनी नवऱ्याला हाक मारली आणि बाईसकट कॉट होती तशी केली.

“गालिचा उघडा पडतो,” ते म्हणाले. रागावले नाहीत. त्यांना खरंच तेवढंच दिसत होतं. मला त्यांचा इतका संताप आला की हातातला पेला मी खाली ठेवून दिला, नाहीतर फेकला असता.

त्यानंतर सासूबाई डाव्या कुशीला वळेनात. मी वळवायला गेले की कॉटची कड धरून ठेवायच्या. “राहू दे गं, इकडेच बरं आहे.” उजवी बाजू सोलवटली, मग चिघळली. मी जखमा धुवायची तेव्हा त्या पिवळ्या भिंतीकडे बघत राहायच्या. त्या जखमांतूनच ताप अंगात शिरला आणि त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बादलीचा आवाज आला. सासरे रंग घोटत होते. आता खोलीत माणसं चहूकडे बसणार होती. पडदा निघाला, कपाट सरकलं, आणि दुपारच्या आत डावी भिंत रंगवून झाली. ओलीवरच. कॉट माळ्यावर जायची होती, पण गालिच्याच्या मधोमध तिच्या मापाची उघडी फरशी दिसायला लागली.

सासरे टेप घेऊन माझ्याकडे आले. “एवढा तुकडा विणून दे. तिचे कपडे आता पडूनच आहेत.”

“नाही,” मी म्हणाले.

या घरात मी पहिल्यांदा म्हटलेला हा शब्द. त्यांनी कॉट परत चौकटीत ठेवली. माणसं आली, भिंतींना हात लावून म्हणाली, “शेवटपर्यंत किती निगुतीने ठेवलं हो त्यांना!” सासऱ्यांनी डोळे पुसले.

कॉट रिकामी कशाला ठेवायची, म्हणून तेच तिथे झोपायला लागले. उजवा खांदा धरलेला, त्यामुळे त्यांना डावीच कूस. ओलीवरचा रंग टिकतो थोडाच? पोपडे सुटले, पाणी झिरपलं. आधी हनुवटी आली, मग ओठ.

परवा सकाळी चहा घेऊन गेले तर ते भिंतीकडे टक लावून पडले होते. तोंड सुकलेलं.

“आई आहे गं ती,” ते म्हणाले. “रात्रभर बघते माझ्याकडे. ही कॉट तेवढी फिरवून दे.”

मी चहा खुर्चीवर ठेवला.

“गालिचा उघडा पडतो, बाबा,” मी म्हणाले, आणि जाताना दार ओढून घेतलं.