एका दुपारचा दात

‘सकाळी या, नवा दात घेऊन घरी जा’ अशी पाटी आमच्या भागात पहिल्यांदा लागली तेव्हा मी रिक्षात होते. पाटी वाचली आणि मला रडू आलं. दाताच्या दवाखान्याची पाटी वाचून रडणारी बाई म्हणजे वेडीच, तेव्हा रिक्षावाल्यानं आरशातून पुन्हा पुन्हा बघितलं. त्याला काय सांगणार? माझे वडील गेले तेव्हा माझ्या आईचा एक दात मिरजेला गेला होता आणि तो वेळेत परत आला नाही, हे रिक्षात सांगून होण्यासारखं नव्हतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, उद्यमनगरात एका कारखान्यात होते. तिथं तापलेलं लोखंड दाबायचं काम चाले. घणाचं मशीन दिवसभर आपटायचं. कानात बोळे घालायची पद्धत तेव्हा नव्हती आणि असती तरी अण्णांनी ती बायकी म्हणून उडवून लावली असती. पन्नाशीच्या आधीच त्यांचे दोन्ही कान गेले. आम्ही कानाचं मशीन आणून दिलं, ते त्यांनी थोडे दिवस लावलं आणि कपाटात ठेवून दिलं. “सगळ्या जगाची खरखर ऐकू येतीया, माणूस तेवढा येत न्हाई,” म्हणाले.

त्यांना बोलणं कळायचं ते आईच्या ओठांवरून. फक्त आईच्या. आम्ही भावंडं भराभर बोलायचो, अर्धं तोंडातल्या तोंडात गिळायचो, मग ते आमच्या अख्ख्या शिवाजी पेठेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडायचे, “नीट बोल की!” आई मात्र त्यांच्याशी बोलताना समोर जाऊन उभी राहायची आणि एकेक शब्द भाकरी थापावी तसा सावकाश करायची. त्यांना हाक मारायची तर ती स्वयंपाकघरातला दिवा दोनदा बंद-चालू करायची. पाहुण्यांना वाटायचं, वायरिंग बिघडलंय.

आम्ही मुलं अडलं की दगडी पाटीवर लिहून दाखवायचो, पण आईला ती सोय नव्हती. आईचं माहेर गडहिंग्लजच्या पलीकडं, तिची शाळा झाली कानडी. तिला लिहिता यायचं ते कानडीत आणि अण्णांना कानडी अक्षर म्हणजे नुसती जिलबी. लग्नाला इतकी वर्षं होऊनही दोघांनी एकमेकांची लिपी शिकून घेतली नाही. गरजच पडली नव्हती. आईचं तोंड होतं, ते पुरत होतं.

सकाळी कामाला निघताना अण्णा चपला घालून उंबऱ्यात थांबायचे. आई बाहेर येऊन “जाऊन या” म्हणायची. ते शब्द तिच्या ओठांवर बघितल्याशिवाय ते पायरी उतरायचे नाहीत. उशीर झालेला असला तरी नाही. मला तेव्हा त्याचं हसू यायचं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. तांदळाच्या पिशवीची गाठ सुटेना म्हणून आईनं ती दातानं ओढली आणि पुढचा एक दात अर्धा तुटून तिच्या हातात आला. दवाखान्यात नेलं. डॉक्टर भले होते. आधी दाताच्या मुळाचं काम झालं, मग उरलेला दात घासून त्याचा खुंट केला, मग कॅपसाठी माप. ते माप म्हणजे थंडगार लगदा भरलेला पत्रा तोंडात कोंबून गप्प बसायचं. आईला उमासे आले, डोळ्यांतून पाणी आलं. मापाचा डबा मिरजेच्या लॅबला एसटीनं जायचा आणि तिथं बनलेला दात एसटीनंच यायचा.

डब्याबरोबर दाताचा रंगही कळवायचा होता. डॉक्टरांकडं नमुन्याच्या दातांची माळ होती, त्यातला एक पिवळसर तपकिरी दात त्यांनी आईच्या दातांशेजारी धरला. आई आयुष्यभर मशेरी लावत आलेली, तिच्या दातांना तोच रंग जुळणार होता. पण आई ऐकेना. “पांढरा घाला की चांगला,” म्हणाली. डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं. तेव्हा ती पदरात हसत माझ्या कानाशी म्हणाली, “त्यास्नी दिवसभर माझ्या तोंडाकडंच बघायचं असतंय. बघायला बरं वाटंल.”

दात आला. पांढराशुभ्र. डॉक्टरांनी तो कच्चा चिकटवून दिला आणि म्हणाले, घरी जाऊन दाखवा, पटला तर पक्का करू. आईनं घरी येऊन स्वयंपाकघरातला दिवा बंद-चालू केला. अण्णा आले. आईनं त्यांच्यासमोर उभं राहून तोंड उघडलं आणि ती हसली. अण्णा बघतच राहिले, आणि मग पोट धरून हसायला लागले. “काळ्या पाटीवर खडूची रेघ ओढल्यावानी दिसतंय की!”

हसण्यासारखं होतंच. मीही हसले. आई हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं तो दात काढवून घेतला, मशेरीच्या रंगाचा नवा सांगितला, पुन्हा त्या लगद्याचं माप दिलं, पुन्हा डबा मिरजेला गेला. मधल्या काळासाठी डॉक्टरांनी लावलेली तात्पुरती कॅप भाकरीबरोबर निघून आली. ती परत लावून घ्यायला आई जाईना. “दात यील तवाच जातो,” म्हणाली. आमच्याकडं बायकाही ‘जातो’, ‘येतो’च म्हणतात.

आणि तिनं तोंडाला पदर लावला.

शेजारणींपुढं लावला ते समजण्यासारखं होतं. दूधवाल्यापुढं लावला, आमच्यापुढंही लावला. पण सगळ्यांत घट्ट लावला तो अण्णांपुढं. बाकीची माणसं आपल्याशी बोलताना डोळ्यांत बघतात, इकडं तिकडं बघतात. अण्णा ओठांकडंच बघायचे. त्या खुंटावर त्यांची नजर पडणार आणि ते पुन्हा हसणार, हे तिच्या डोक्यात बसलं होतं. ती पदराआडून बोलायची. जेवायला या म्हणायची, पाणी तापलंय म्हणायची, सगळं म्हणायची. फक्त अण्णांना त्यातलं काही दिसायचं नाही.

पहिले काही दिवस अण्णांनी थट्टेवारी नेलं. मग थट्टाही थांबली. एका संध्याकाळी मला म्हणाले, आणि त्यांच्या हळू बोलण्यानंही भिंती हादरायच्या, “तुझी आई माझ्यावर रागावलीया. मी हसलो ते तिला लागलं.”

मी पाटीवर लिहिलं, ‘रागावली नाही. दात तुटलाय म्हणून लाजते.’

त्यांनी वाचलं आणि मान हलवली. “घरच्या माणसापुढं कोण तोंड झाकतंय? दाताचं निमित्त हाय.”

मी आईला सांगितलं. आई म्हणाली, “यील की आता दात. आल्यावर सांगतो त्यास्नी.” दात काही येत नव्हता. डॉक्टरांनी लॅबला फोन केला तर कळलं, लॅबवाल्याच्या घरात लग्न निघालंय, काम मागं पडलंय. मला त्या लॅबवाल्याचा असा राग आला की आजही मिरजेहून कुणी पाहुणा आला की माझा आवाज विनाकारण चढतो. बिचाऱ्यानं काही मुद्दाम केलं नव्हतं. त्याच्या घरात लग्न होतं, आमच्या घरात दोन माणसं एकमेकांशी बोलायची थांबली होती, आणि त्याला हे माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

त्या सकाळी अण्णा नेहमीसारखे चपला घालून उंबऱ्यात थांबले. आई बाहेर आली. पदर तोंडावर होता. तिनं “जाऊन या” म्हटलं, मला ऐकू आलं. अण्णा थांबून राहिले. आईनं परत म्हटलं. अण्णांनी पदराकडं बघितलं, तिच्या डोळ्यांकडं बघितलं, अजून थोडं थांबले आणि पायरी उतरून गेले. तेवढंच. कारखान्यात मशीन सुरू व्हायच्या आधी ते छातीला हात लावून खाली बसले, आणि संपले. दुपारी त्यांना कारखान्यातल्या लोकांनी घरी आणलं.

आमच्यात माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. अंघोळ घालतात, कपाळाला विभूती लावतात आणि मांडी घालून भिंतीला टेकवून बसवतात. पुरतानाही बसवूनच. तसे अण्णा घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते, हार घातलेला, मान किंचित पुढं, एखाद्याचं बोलणं नीट कळावं म्हणून बसतात तसे. पेठ लोटली होती. तालमीतली पोरं बाहेर उभी होती, बायकांनी सोपा भरला होता.

आईला धरून आणलं आणि त्यांच्यासमोर बसवलं. दोघांची तोंडं एका उंचीवर आली. मग तिनं तोंडावरचा पदर काढला. शेजारच्या काकूंनी तो पटकन परत तिच्या तोंडावर ओढला, त्यांना वाटलं दुःखात भान राहिलेलं नाही. आईनं त्यांचा हात झटकला आणि पदर खाली टाकला. इतके दिवस कुणाला न दाखवलेला तो खुंट सगळ्या पेठेनं बघितला.

“री,” कानडी बायका नवऱ्याला मारतात तशी तिनं त्यांना हाक मारली. आणि मग सावकाश, एकेक शब्द ओठांवर नीट करत, बोलली. “पैल्या दिशी आलता राग. दुसऱ्या दिशी गेलता. मी रागावलो न्हवतो.”

ती थांबली, वाट बघितल्यासारखी. मग पुन्हा पहिल्यापासून सगळं तसंच म्हणाली. पुढचे विधी करायला जंगमस्वामी आत आले तरी ती म्हणतच होती. शेवटी मी तिला उठवलं. मला तिचा राग आला होता, अण्णांचा आला होता, माझ्या हसण्याचा आला होता, आणि त्यातल्या कुठल्याच रागाचा काही उपयोग नव्हता.

त्यानंतर दात आला. इतका हुबेहूब की कोणता नवा ते ओळखू येत नव्हतं. आईनं तो मुकाट्यानं बसवून घेतला. पदर परत कधी तोंडाला लावला नाही. स्वयंपाकघरातल्या दिव्याचं बटण मात्र संध्याकाळी एकदाच दाबायची आणि लगेच हात मागं घ्यायची.

त्या दातानं बारा-तेरा वर्षं काढली. मग एक दिवस त्याचा टवका उडाला. रिक्षातून बघितलेल्या त्या पाटीच्या दवाखान्यात मी आईला घेऊन गेले. खरं तर मला जायचं नव्हतं, पण आईला परत त्या लगद्याच्या मापाला आणि वाट बघण्याला बसवणं माझ्यानं झालं नसतं.

तिथले डॉक्टर तरुण होते, उत्साही. लगदा नाहीच. बोटाएवढा कॅमेरा त्यांनी आईच्या तोंडात फिरवला आणि समोरच्या कॉम्प्युटरवर तिचे दात उमटले, गोल फिरवून सगळीकडून बघता येतील असे. डॉक्टरांनी त्या चित्रातच नवा दात बसवून दाखवला. मग एक चौकोनी तुकडा छोट्या मशीनमध्ये लावला. काचेमागं पाणी उडत होतं आणि तुकड्यातून दात कोरून निघत होता. आई खुर्चीतून वाकून बघत होती. डबा नाही, एसटी नाही, मिरज नाही.

“रंग पटला न्हाई तर?” तिनं विचारलं.

“न्हाई पटला तर दुसरा कोरू की, आज्जी,” डॉक्टर म्हणाले. “कुठं पाठवायचाय काय?”

“लगीच?”

“लगीच. आजच.”

आई मागं टेकून बसली. दात तयार झाला, छोट्या भट्टीत भाजून चकाकला, बसलाही. आम्ही सकाळी आलो होतो आणि बाहेर अजून दुपारच होती. डॉक्टरांनी आरसा पुढं केला. आईनं आरशात बघितलं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. आवाज न करता, नुसतं गळत राहिलं.

डॉक्टर घाबरले. “दुखतंय का, आज्जी?”

“व्हय,” आई म्हणाली.

त्यांनी लगेच निळ्या कागदाची पट्टी तिच्या दातांमध्ये धरली आणि चावायला सांगितलं, दात कुठं उंच लागतोय ते बघायला. आईनं चावलं. त्यांनी पट्टी काढली, बॅटरी धरून बघितलं, परत चावायला लावलं, परत बघितलं. मग माझ्याकडं वळून गोंधळून म्हणाले, “न्हाई हो ताई. दात एकदम बरोबर बसलाय.”