आधी हात धुऊन ये

"हिला सांगा, आधी हात धुऊन ये," वहिनी म्हणाल्या. म्हणाल्या भाऊंना. मी दोघांच्या मधोमध उभी. पण ते वाक्य माझ्याकडे भाऊंमार्फतच यायचं होतं. भाऊंनी पोचवलं. "जा गं, धुऊन ये."

गेले. पडवीतल्या नळावर साबण लावून कोपरापर्यंत धुतले. परत येऊन कॉम्प्युटरसमोर बसले. चिकूच्या पीकविम्याच्या फॉर्मचं पान उघडलं, भाऊंचं नाव टाकलं, एक अक्षर चुकलं म्हणून खोडलं. आणि पान आपोआप मागे गेलं. भरलेलं सगळं साफ.

"बघा," वहिनी म्हणाल्या. "हिचा हात लागला की बिघडतं."

मी सायवनकडच्या पाड्यावरची. वारली. डहाणूत मालकांच्या, म्हणजे भाऊंच्या, वाडीत शेडमध्ये चिकू निवडण्यात माझी अर्धी हयात गेली. मोठा इकडे, छोटा तिकडे. मग चाळिशी उलटल्यावर मला हुक्की आली. तलासरीला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला. वर्गातली पोरं मला मावशी म्हणायची आणि माझ्याच वहीतलं उतरवायची. सर्टिफिकेट भाऊंच्या टेबलावर ठेवलं तेव्हा ते हसले. पण खुर्ची दिली, हे खोटं सांगणार नाही. शेडमधून ऑफिसात आले. पाड्यावर पहिले आठ दिवस मी पदर सावरत अशी चालायचे, की जाऊ दे.

कॉम्प्युटर भाऊंच्या मुलाने टाकून दिलेला. त्याचा पंखा भातगिरणीसारखा वाजायचा. ब्राउझरही तेवढाच म्हातारा. पण चालायचा. दसऱ्यानंतर बिघडला. नेहमी नाही. वहिनी नुसता माऊस फिरवून साड्या बघायच्या तेव्हा शहाण्यासारखा चालायचा. मी टाईप करायला बसले, काही चुकलं, खोडलं, की पान मागे. पुन्हा भरलं, पुन्हा मागे. विम्याची शेवटची तारीख जवळ येत होती.

वाणगावहून मेकॅनिक आणला. त्याने हिस्ट्री पुसली, व्हायरस शोधला, तोच ब्राउझर काढून परत टाकला. दोन पानं उघडून दाखवली. चालली. "मशीन ओके आहे, भाऊ," तो म्हणाला. "कोण बसतं यावर?"

भाऊंनी माझ्याकडे बोट केलं.

"अच्छा," तो म्हणाला. एवढंच. त्या एका शब्दात मला माझं सर्टिफिकेट रद्दी होऊन परत मिळालं.

आता हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. मला ते खरं वाटलं. मी बसमध्ये बोटांचा वास घेऊन बघायचे. चिकूचा चीक अंगात मुरला असेल, त्यानेच कीबोर्डच्या कळा चिकटत असतील, असं वाटायचं. सांगितलं नसतानाही हात धुवायला लागले. दाबताना बोटाला पदर गुंडाळायचे. भाऊंनी विश्वासाने खुर्ची दिली आणि मी त्यांचं मशीन खाल्लं, असा अपराध्यासारखा चेहरा घेऊन फिरत होते.

त्यातल्याच एका संध्याकाळी घरी मुलीने माझा मोबाइल उचलला. शाळेचं काहीतरी बघायचं होतं तिला. माझ्या तोंडातून निघालं, "ठेव तो. तुझा हात लागला की बिघडेल. आधी हात धुऊन ये."

वाक्य वहिनींचं. सूरसुद्धा वहिनींचा. नक्कल करण्यात मी पहिल्यापासून हुशार. मुलीने मोबाइल ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे लपवले. मी बघितलं. आणि भात ढवळत बसले.

शेवटच्या तारखेला सकाळी भाऊ म्हणाले, "तू आजपासून शेडमध्येच बस. विम्याचं दुसऱ्या कुणाकडून करून घेतो." सकाळभर चिकू निवडले. दुपारी हाक आली. मेकॅनिक परत येणार होता, टेबल पुसून द्यायचं होतं. बोटांना चीक तसाच. कपडा फिरवला. कीबोर्डमध्ये धूळ दिसली म्हणून उपडा करून दोनदा आपटला.

टेबलावर एक दाणा पडला. तांदळाचा. कुंकवाने लाल.

अक्षता.

मग मला दसऱ्याची सकाळ आठवली. कॉम्प्युटरला झेंडूचा हार, पडद्यावर कुंकवाचं स्वस्तिक, कळांवर मूठभर अक्षता. घरातला प्रत्येक जण पुढे येऊन टाकत होता, वहिनींची बहीण, तिची पोरं, सगळे. मला वहिनी म्हणाल्या होत्या, "तू दारात थांब, प्रसाद देते." पेढा वरून हातात सोडला होता. खोडायची कळ त्या दाण्यावर अडकत होती. दाबली की वर येत नव्हती. आणि या जुन्या ब्राउझरात चौकटीबाहेर क्लिक झालं की तीच कळ पानही मागे नेते. एवढाच आजार.

मी दाणा तळहातावर घेतला. भाऊ-वहिनी दोघं समोर होते.

"भाऊ," मी म्हटलं, "दसऱ्याला या मशीनला सगळ्यांचा हात लागला. माझा तेवढा लागला नव्हता."

भाऊंनी दाणा बघितला. कळ दाबून बघितली. वर आली. हसले. "घ्या. देवाचाच तांदूळ निघाला. आता देवाला काय बोलायचं?"

देवाला बोलायचं नव्हतं. मला बोलले होते. पण ते त्यांना आठवलं नाही.

"चल, बस लवकर," ते म्हणाले. "तारीख जाईल."

वहिनी म्हणाल्या, "तो दाणा पायाखाली टाकू नको हां. आणि हात धुऊन बस."

दोष सापडला होता. दाणा त्यांचा होता. तरी हात धुवायचे होते माझे.

"नाही धुणार," मी म्हटलं.

वहिनींनी भाऊंकडे बघितलं. भाऊंनी घड्याळाकडे. "बसू दे," ते म्हणाले. माझ्यासाठी नाही, विम्यासाठी.

मी चिकाच्या बोटांनी बसले. दाणा तिथेच पडद्यासमोर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. प्रत्येक कळेवर काळा ठसा उमटत होता. दोनदा चुकले, दोनदा खोडलं. पान हललं नाही. विम्याचा फॉर्म वेळेत गेला.

खुर्ची राहिली. पण घरी माझी मुलगी अजून मोबाइल घेण्याआधी फ्रॉकला हात पुसते. मी दाण्याची गोष्ट तिला नाटक करून सांगितली, वहिनींचा सूर काढून. खूप हसली. मग मोबाइल मागितला, आणि आधी हात पुसले. ते वहिनींनी केलेलं नाही. ते मी केलंय, आणि ते कीबोर्ड आपटून पडायचं नाही.

दसरा परत येईल. झेंडू येईल, अक्षता येतील. मी दारात थांबणार नाही. मुलीला घेऊन आत जाणार आहे. आणि आम्ही दोघी हात धुणार नाही.