मास्तरांची बिनशिंगी म्हैस

दिवाळी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, शिवाजी पेठेतल्या आमच्या दूध संस्थेच्या कचेरीत पाच हजार रुपये ठरले. हजर तिघे: अध्यक्ष बाळासाहेब, खजिनदार म्हणून मी आणि चित्रकलेचे निवृत्त शिक्षक शामराव मास्तर. बाळासाहेबांच्या म्हशीने पाडव्याच्या मिरवणुकीत बक्षीस मिळवले होते. तिचे चरतानाचे चित्र संस्थेच्या सभागृहात लावायचे होते. मास्तर चाळीस वर्षे चित्रे काढत होते, पण त्यांचे एकही चित्र पेठेत कुठे लागलेले नव्हते. त्यांनी घासाघीस केली नाही. एवढेच विचारले, "दारातनं आत आल्या आल्या दिसंल न्हवं?"

अकरा सकाळी ते पंचगंगेच्या काठी, म्हैस चरायची तिथे बसले. मी तिकडेच फिरायला जातो, म्हणून मोजल्या. साडेआठ वाजले की "आजचा उजेड संपला" म्हणून ब्रश धुवायचे. जवळून पाहिले तर कॅनव्हासवर नुसते निळे, जांभळे, पिवळे फटकारे.

"मास्तर, म्हैस काळी असते," मी म्हणालो.

"कोण म्हणतंय? सावली कधी काळी असतीया व्हय? धा पावलं मागं जावा, खजिनदार. डोळं बारीक करा."

मी दहा पावले मोजून मागे गेलो. दवातल्या गवतात म्हैस मान घालून चरत होती आणि तिच्या पाठीवरून वाफ निघत होती. त्या दिवशी मला घरी जायला उशीर झाला.

संस्थेच्या बैठकीत चित्रावरचा कपडा काढला. बाळासाहेब पुढे वाकले. "मास्तर, शिंगं काय घरात इसरून आलासा?"

"सकाळच्या धुक्यात शिंगं अशीच इरघळत्यात."

"माझी म्हस हाय! मला अंधारात बी शिंगं दिसत्यात की."

सगळे हसले. गवळी माणूस म्हैस शिंगांवरून ओळखतो आणि पाडव्याला तीच शिंगे रंगवून मिरवतो. बाळासाहेबांचे त्यांच्यापुरते खरेच होते. मास्तर माझ्याकडे वळले. "खजिनदारांनी बघितलंय. त्यास्नी इचारा."

मी म्हणालो, "शिंगं पाहिजेतच."

मास्तरांनी पुन्हा ब्रश लावायला नकार दिला. मग दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याला बोलावले. त्याने ऑइलपेंटने शिंगे काढली, गळ्यात घुंगरे घातली आणि म्हशीभोवती जाड काळी रेघ मारली. मास्तर बघायला आले ते दारातच थांबले.

"झ्याक झालंय," ते म्हणाले. "आता माझं नाव तेवढं पुसून टाका."

मी पाकीट पुढे केले. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

त्यानंतर ते नदीकाठी दिसले नाहीत. पावसाळ्याआधी वारले. पाच हजार संस्थेच्या खात्यात परत जमा आहेत. व्हाउचर माझ्याच हातचे: शिंगे, घुंगरे व रेघ मिळून चारशे, नाव पुसण्याचे पन्नास, एकूण साडेचारशे रुपये पाटीवाल्या पेंटरला रोख दिले.