कुंकू लावलेला ब्लॉक

खंडेनवमी, दुपार. हजर: मी, आमचे हे, धाकटे दीर, जाऊबाई आणि इंजिनाचा ब्लॉक विकायला आलेला पावणा. जागा आमच्या वर्कशॉपची.

दीर सरळ रस्त्यावरच्या मोटार शर्यतींत गाडी पळवतात. यंदा त्यांना इंजिनाची ताकद कैक पटीनं वाढवायची होती. त्यासाठी आधी ब्लॉक ठरवायचा, कारण बाकी सगळं इंजिन त्यातच बसतं. वजन वाढलं तरी चालेल, पण ओतीव लोखंडाचा, बिडाचाच घ्यायचा, इथवर एकमत होतं. माझी अट एकच: आधी सिलिंडरच्या भिंतींची जाडी मोजायची, मग व्यवहार. फाउंड्रीच्या गावात हे सांगावं लागतं! ओतताना साच्यातला गाभा जरा सरकला की भिंत एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. वरून काही दिसत नाही. शर्यतीत ती फुटली तर तेल-पाणी चाकांखाली, आणि त्या वेगात गाडी कुणाच्याच हातात राहत नाही.

मी शेजारच्या कारखान्यातून जाडी मोजायचं यंत्र आणायला गेले. परत येते तर काय, ब्लॉक पाटावर! हळदकुंकू, झेंडूचा हार, पुढ्यात फोडलेला नारळ.

"मोजायच्या आधीच?"

"मुहूर्त टळत होता, वैनी," दीर म्हणाले.

मी हार बाजूला सारून मोजलं. तिसऱ्या सिलिंडरची भिंत एका बाजूला निम्मीच.

"इंजिनातला दाब थोडा कमी ठेवू की," दीर म्हणाले.

"तुम्ही? राजारामपुरीत सिग्नल सुटला की रिक्षाशी शर्यत लावता, भावजी!"

पावणा हात झटकत म्हणाला, "पुजलेला माल मी कसा न्हेऊ? पुसून कोरा करून द्या, मग बघू."

आमचे हे म्हणाले, "सणाचा दिवस आहे, आज वाद नको." माझं डोकंच फिरलं. सणाच्या दिवशी बीड जाड होतं का? मुहूर्त पुढच्या वर्षी परत येतो. माणूस येतो का? हे मी मोठ्यानं बोलले.

मी ओलं फडकं जाऊबाईंच्या हातात दिलं. कुंकू त्यांनीच लावलं होतं. त्यांनी हात मागं घेतला.

"ह्यांच्या गाडीला लावलेलं कुंकू मी न्हाय पुसणार, अक्का."

दिवाळी होऊन गेली. हार वाळून गळून पडला, कुंकू तसंच आहे. दीर रोज विचारतात, "बोअरिंग कधी?" सिलिंडर आतून कातायच्या त्या बोअरिंग मशीनच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला आहे आणि ती तिथंच राहील. घरात चार मोठी माणसं, आणि साधं फडकं मारायला कुणी पुढं येत नाही, याचा मला अजून संताप येतो. परवा मीच फडकं भिजवलं, पिळलं, आणि परत दोरीवर टाकलं.

ब्लॉक पुसून पावण्याला परत देणे: बाकी.