रिटर्न रावांची चूक

रिटर्न रावांच्या हातून आयुष्यात एकही चूक झाली नाही, असे अख्ख्या तंजावरात एकाच माणसाचे मत होते आणि तो माणूस म्हणजे स्वतः रिटर्न राव. गाडी बंद पडली तर पेट्रोलात पाणी असे, रस्ता भिकार असे, नाहीतर मालकाचा पाय क्लचवर जड पडत असे. काहीच सापडले नाही तर गाडीत बसलेल्यांच्या पत्रिकांपर्यंत जायची त्यांची तयारी होती. दुरुस्त झालेली गाडी ताब्यात देताना ते बॉनेटवर थाप मारून "नो रिटर्न" म्हणत, आणि ती बहुधा संध्याकाळच्या आत परत येई. त्यावरून गावाने त्यांना हे नाव दिले. राव ते पदवीसारखे मिरवत, आणि त्यांचा गैरसमज दूर करण्याचा दुष्टपणा कोणी केला नाही.

मी विम्याच्या कचेरीत नोकरीला. साताऱ्याहून बदली होऊन तिकडे गेलो आणि रावांच्या गॅरेजवरची खोली भाड्याने घेतली. त्यांचे पूर्वज मराठा राजांबरोबर दक्षिणेत आले ते तिथलेच झाले. पहिल्या दिवशी ग्रीसने माखलेले हात फडक्याला पुसत त्यांनी विचारले, "आपण देशावरून आलांत कीं? भोजन जालें?" बखरीतला माणूस पान्हा घेऊन समोर उभा आहे असे मला वाटले. पुढच्याच क्षणी शेजारच्या टायरवाल्याशी ते अस्खलित तमिळमध्ये भांडू लागले. माझी मराठी मात्र त्यांना पसंत नव्हती. "तुमची भाषा फार झिजली, सार," ते म्हणत. "रिबोअर करावी लागेल." स्वतः रावांना देवनागरी वाचता येत नव्हती. घरातली मराठी ते तमिळ अक्षरांत लिहीत.

रावांच्या पत्नीला सगळी गल्ली अक्का म्हणे. या अक्का नवऱ्याने हात लावलेल्या कुठल्याही गाडीत बसत नसत. बाजाराला टाउन बस, देवळाला टाउन बस, माहेरी ओरत्तनाडूलाही बसच. कारण जुने होते. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात राव त्यांना कुणाच्या तरी गाडीतून पापनाशमला घेऊन निघाले आणि गाडी वाटेत बसली. रावांनी बॉनेट उघडून बराच वेळ पाहिले आणि निदान केले, "वजन जास्त जालें." गाडीत दोघेच होते, आणि राव तेव्हा खाली उभे होते. अक्कांनी तिथूनच बस धरली ती सव्वीस वर्षे सोडली नाही. राव अधूनमधून, अगदी सहज सुचल्यासारखे, "गाडी आहे, सोडूं का?" असे विचारत. अक्का चप्पल घालता घालता म्हणत, "बस आहे कीं."

मी राहायला गेलो तेव्हा बाजारात नवनव्या गाड्या येऊ लागल्या होत्या. त्यांची बॉनेटे उघडली तरी आतले काही ओळखू येत नाही अशी रावांची तक्रार होती. गॅरेजमध्ये काम कमी झाले. तेव्हा रावांनी एक जुनी पेट्रोलवरची अँबॅसडर घेतली आणि तिच्यात भंगारात काढलेल्या टेम्पोचे डिझेल इंजिन बसवायचे ठरवले. तिची मूळ टाकी गंजून चाळण झाली होती, म्हणून राव नवी टाकी करून डिकीत बसवणार होते. टाकीच्या आत त्यांनी पत्र्याचे तीन आडवे पडदे घातले. "मोकळें सोडलें कीं डिझेल वळणावर गर्दी करतें," ते म्हणाले.

शिवाय डिझेलला दोन नळ्या लागतात. याचे स्पष्टीकरण रावांनी मला कॉफी पिता पिता दिले. "पेट्रोलचें इंजिन दिलें तें सगळें संपवतें. डिझेलचें इंजिन मानी आहे, सार. लागेल तेवढें घेतें, उरलेलें घरीं परत पाठवतें." म्हणून टाकीच्या झाकणावर दोन तोंडे होती. इंजिनाकडे डिझेल जाते त्या तोंडाची नळी आत तळापर्यंत पोचलेली. उरलेले परत येते त्या तोंडाची नळी आत शिरल्या शिरल्या संपलेली, वरून नुसते सांडण्यापुरती. बाहेरून मात्र दोन्ही तोंडे सारखीच दिसत.

या सगळ्या खटाटोपाला एक तारीख होती. ओरत्तनाडूला अक्कांच्या भावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती, आणि अक्कांना या गाडीतून न्यायचे असे रावांनी मनात घेतले होते. पंधरा दिवस ते अक्कांच्या मागे लागले. शेवटी अक्का म्हणाल्या, "एकदां बसतें. बंद पडली तर जन्मांत पुन्हा विचारूं नका." राव हो म्हणाले खरे, पण त्या दिवसापासून त्यांची भूक गेली. मला त्यांची काळजी वाटू लागली.

आधीच्या रविवारी टाकी बसली. गाडीच्या पोटात मराठी अक्षर असावे ही रावांची हौस, म्हणून दोन्ही तोंडांवर रंगाने लिहायचे काम माझ्याकडे आले. एकावर बोट ठेवून ते म्हणाले, "लिहा, येतें." दुसऱ्यावर बोट ठेवून, "लिहा, आलें." मी सुवाच्य लिहिले. तेवढ्यात कुणीतरी हाक मारत आले की बायपासवर लॉरी अडकली आहे. राव निघताना म्हणाले, "इंजिनाकडच्या बाजूस मीं लावलें आहे. येथें दोन नळ्या, दोन तोंडें. लावून टाका."

इंजिनाकडून परत येणारी नळी कोणती हे मला माहीत होते. ती मी 'येतें' या तोंडाला लावली. डिझेल येते, म्हणून येते. दुसरी नळी 'आलें' या तोंडाला लावली. इंजिनाला डिझेल आले, म्हणून आले. क्लिपा आवळल्या, आणि देशावरच्या माणसाला यंत्रातले कळत नाही असे म्हणणाऱ्यांची मनातल्या मनात जिरवली.

टाकी काठोकाठ भरली होती, त्यामुळे आखूड नळीचे तोंडही डिझेलात बुडालेले होते. चार दिवस गाडी गावात झकास फिरली. वास्तुशांतीच्या सकाळी अक्का मागच्या सीटवर बसल्या, मांडीवर भावासाठी घेतलेली समई, शेजारी तिचे खोके. मी पुढे रावांच्या शेजारी. राव आरशात रस्ता पाहतच नव्हते, अक्कांचा चेहरा पाहत होते. निम्म्या वाटेवर, दोन्ही बाजूंना भातशेती आणि मध्ये एक चिंच अशा ठिकाणी, इंजिनाने दोन आचके दिले आणि ते थांबले.

अक्का समई घेऊन उतरल्या आणि चिंचेखाली उभ्या राहिल्या. डिझेल इंजिनात हवा शिरली की ती काढल्याशिवाय ते सुरू होत नाही. रावांनी पंपाचा स्क्रू सैल करून हवा काढली, गाडी शंभर पावले गेली आणि पुन्हा बसली. तीनदा असे झाले. टाकीत तर डिझेल भरपूर होते. मग रावांनी डिकी उघडली, नळ्यांवरून हात फिरवला आणि हलक्या आवाजात मला विचारले, "सार, येथें काय लिहिलें आहे?"

"आलें," मी म्हणालो.

"मग इंजिनाकडे जाणारी नळी येथें कां?"

"इंजिनाला डिझेल आलें, म्हणून."

रावांनी झाकणावर बोट ठेवले. "सार, घर टाकीचें. घरांतून निघतांना कोणी जातें म्हणतें काय? येतें म्हणूनच निघतात कीं. परत आलें कीं मग आलें."

ही रीत मलाही लहानपणापासून ठाऊक होती. ती नळीलाही लागू आहे हे ठाऊक नव्हते. टाकी थोडी रिकामी झाल्याबरोबर माझी आखूड नळी निव्वळ हवा ओढू लागली होती. सव्वीस वर्षांनी आलेली रावांची एकुलती एक संधी मी माझ्या हातांनी घालवली होती. मेल्याहून मेल्यासारखे झाले.

चिंचेखालून अक्कांनी विचारले, "काय जालें?"

मी तोंड उघडले. त्याआधीच राव म्हणाले, "चूक माझी. नळ्या उलट्या लावल्या मीं."

अक्कांनी त्यांच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मग ओरत्तनाडूची बस आली, ती त्यांनी हात करून थांबवली आणि त्या निघून गेल्या. राव नळ्या बदलत बसले. मी माफी मागू लागलो तर म्हणाले, "सरि, सरि. असूं द्या. पान्हा द्या." आम्ही पोचलो तेव्हा वास्तुशांत आटोपली होती आणि पंगत बसत होती. राव पंगतीत एका टोकाला बसले आणि पानातला भात नुसता चिवडत राहिले.

जेवणानंतर विहिरीपाशी अक्का एकट्या हात धूत होत्या. मी गेलो आणि म्हणालो, "अक्का, नळ्या रावांनी नाही लावल्या. मी लावल्या."

"ठाऊक आहे," अक्का म्हणाल्या. "तुम्हीं तोंड उघडलें तेव्हांच कळलें."

"मग त्यांच्यावर राग नको. मी आत्ता जाऊन सगळ्यांना सांगतो."

अक्कांनी पदराला हात पुसले. "सार, सव्वीस वर्षें पेट्रोलाची चूक जाली, रस्त्याची जाली, माझीही जाली. त्यांची कधीं जाली नव्हती. आज पहिल्यानें एक जाली. ती तुम्ही काढून घेऊं नका."

आणि त्या तडक बाहेर जाऊन गाडीत बसल्या. मागे नव्हे, पुढे, माझ्या जागी. राव आले, त्यांनी पाहिले आणि किल्ली खिशात असून दोन मिनिटे अंगणभर शोधली. परतीच्या वाटेवर मी समईच्या रिकाम्या खोक्याशेजारी मागे बसलो होतो. गाडी कुठेही थांबली नाही.

पुढे माझी बदली झाली. रावांची ती चूक मात्र तंजावरात वाढतच गेली. त्यांना ती फार आवडली असावी, कारण येईल त्या गिऱ्हाइकाला ते ती सांगत आणि दर वेळी तिच्यात थोडी भर घालत. काही वर्षांनी राव गेल्याचे कळले, तेव्हा मी अक्कांना भेटायला गेलो. घरात बरीच माणसे होती आणि अक्का तीच हकिकत सांगत होत्या. नळ्या, चिंच, बस, सगळे तपशीलवार. टायरवाल्याने माझ्याकडे वळून तमिळमध्ये विचारले, "सार, तुम्ही होता ना त्या दिवशी? खरंच रावांनी नळ्या उलट्या लावल्या होत्या?"

अक्का माझ्याकडे पाहत होत्या.

"होतो की," मी म्हणालो. "त्यांनीच लावल्या. मी नुसता बघत होतो."